चष्मेवाल्यांचं घर

माझा मामा मुळात नळवाला. गळके नळ, तुंबलेले पाइप, गच्चीवरच्या टाक्या, बत्तीस वर्षं त्यानं हेच केलं आणि त्या कामात तो कुणाला हार जायचा नाही. पण माणूस म्हणून अतिशय भित्रा. एकटा असला की लिफ्टमध्ये पाऊल टाकायचा नाही, सात-सात मजले जिन्यानं चढायचा. रस्त्यात पोलीस दिसला की काही केलेलं नसताना खिसे चाचपायचा. टॅक्सीवाल्यानं जास्त पैसे मागितले तर ते मुकाट्यानं द्यायचा आणि वर "आभारी आहे" म्हणायचा. मामी म्हणायची, "ह्यांची सावली जरा जोरात चालली तर हे बाजूला होऊन तिला वाट देतील."

असा माणूस लोकांच्या दारात उभा राहून, "तुमचं घर लिलावात निघालंय, ते मला विकता का?" असं विचारायच्या धंद्यात कसा पडला, हे सांगायचं तर माझ्या बाबांपासून सुरुवात करावी लागेल. मी तेव्हा नोकरीसाठी दुसऱ्या गावी होते. हे सगळं मला नंतर मामा-मामीकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं, काही बाबांकडून, आणि काही आईनं भाजी चिरताना सहज बोलून टाकलं त्यावरून.

बाबांचं हार्डवेअरचं दुकान होतं. सकाळी गिऱ्हाईक नसताना ते वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, आणि मागच्या पानांवर बारीक अक्षरात लिलावाच्या नोटिसा यायच्या. अमक्यानं घर तारण ठेवून कर्ज घेतलं, हप्ते थकले, म्हणून अमक्या तारखेला बँक घर लिलावात काढणार. बाबांच्या लक्षात आलं की नोटीस निघाली तरी लिलावाच्या दिवसापर्यंत मालकाला घर स्वतः विकता येतं. विकून बँकेचे पैसे चुकते केले की लिलाव रद्द. म्हणजे त्या मधल्या दिवसांत जो कुणी रोख पैसे घेऊन दारात जाईल, त्याला घर स्वस्तात मिळू शकतं. मग रंगरंगोटी करायची, नळ-पाइप नवे घालायचे आणि चार महिन्यांनी चांगल्या भावात विकायचं. बाबांचे पैसे, मामाचे हात. मामाचे गुडघे तोपर्यंत कामातून गेले होते, सिंकखाली वाकून बसणं जमत नव्हतं. त्याला काहीतरी बसून करायचं काम हवं होतं आणि हे तर उभं राहून करायचं निघालं.

दारात बाबा स्वतः का गेले नाहीत? गेले होते, दोनदा. पण बाबांचा आवाज असा की ते "नमस्कार" म्हणाले तरी समोरच्याला वाटायचं, जप्तीची माणसं आली. मामाचं उलट. त्याचा चेहरा बघून कुणालाही वाटायचं, ह्याला आधी बसायला खुर्ची द्यावी.

बाबांनी त्याला काय बोलायचं ते पाठ करून घेतलं. मी बँकेचा माणूस नाही. मी तुमची अडचण सोडवायला आलोय. रोख पैसे, आठ दिवसांत काम. आणि शेवटी, स्वतःसाठी लक्षात ठेवायचं एक वाक्य: "घाबरलेला माणूस भाव करत नाही." मामा मला म्हणाला, "भावोजींचं हे वाक्य मला लगेच पटलं. मी आयुष्यात कधी भाव केलेला नाही."

पहिल्या वर्षी दोन घरं मिळाली. एकाचा मालक परदेशात होता, सगळं फोनवर झालं. दुसरं एका वारलेल्या माणसाचं होतं आणि त्याच्या मुलांना ते नकोच होतं. पण त्या दोन घरांसाठी मामानं साठ-सत्तर दारं वाजवली असतील. एका ठिकाणी मालकानं बागेतला पाण्याचा पाइप त्याच्यावर सोडला. एका ठिकाणी दार उघडलेल्या बाईनं त्याचं काही ऐकूनच घेतलं नाही. त्याच्या हातातली फाईल बघून तिनं कानातले काढले, त्याच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली, "आत्ता एवढंच आहे, बाकीचं पुढच्या महिन्यात." मामाची बोबडी वळली. तो जिना उतरून थेट रस्त्यावर आला आणि मग त्याला कळलं की कानातले आपल्याच मुठीत आहेत. ते परत द्यायला चार मजले पुन्हा चढून जाणं हे त्या वर्षातलं सगळ्यात अवघड काम होतं, असं तो म्हणायचा.

चष्मेवाल्यांच्या घरी तो गेला ती सकाळ होती, साडेदहाची वेळ. बस डेपोच्या मागच्या गल्लीत एक अरुंद दुमजली घर, खाली लोखंडी फाटक, जिन्याखाली एक सायकल. दारावर हातभर लांबीचा एक चौकोन खरवडलेला होता. तिथला रंग निघाला होता आणि कडांना खळीचे पांढरे ओघळ होते. मामानं ते बघितलं आणि ओळखलं. इथं नोटीस चिकटवली होती आणि कुणीतरी घाईघाईनं नखांनी काढली होती.

त्यानं बेल वाजवली. दार उघडलेल्या माणसाच्या नाकावर एक चष्मा होता आणि कपाळावर दुसरा. वय पन्नाशीचं. त्यानं मामाकडे बघितलं, मग काखेतल्या फाईलकडे बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मामा "नमस्कार, मी" एवढंच म्हणाला असेल, तेवढ्यात तो माणूस घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आलात का एकदाचे? किती दिवस निरोप पाठवतोय. स्वयंपाकघरातला नळ सारखा गळतोय."

त्याचा हात दाराच्या कडीवर होता आणि कडी वाजत होती. मामा मला म्हणाला, "मी आजवर घाबरलेली खूप माणसं बघितली, पण कुणी माझ्यासारखं घाबरलेलं बघितलं नव्हतं. हा होता."

गंमत अशी की नळ खरंच गळत होता. आणि बत्तीस वर्षांच्या सवयीनं मामाच्या पिशवीत पान्हा होता, चार वॉशरही होते. चष्मेवाल्यांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मामानं पान्हा बाहेर काढला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्यानं टोपीतून ससा काढलाय.

घरात तीन माणसं. चष्मेवाले, त्यांची बायको आणि चष्मेवाल्यांचे वडील. बायको दातांच्या दवाखान्यात पेशंटची नोंद करायच्या कामाला होती. ती बाहेरच्या खोलीत आपला पांढरा कोट इस्त्री करत होती. तिनं मामाकडे एकदा वर बघितलं आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागली. वडील ऐंशीच्या पुढचे, कानानं कमी, पण डोळे चौफेर. नळवाला आलाय म्हटल्यावर ते लगबगीनं उठले आणि घरातलं जे जे गळतंय, वाजतंय, अडतंय ते सगळं त्यांनी मामाला फिरून दाखवलं. जाताना फोन नंबर लिहून द्या म्हणाले. मामानं तो कॅलेंडरच्या मागे लिहिला.

खरं बोलणं झालं ते स्वयंपाकघरात, नळ पूर्ण सोडून, त्या आवाजाच्या आडून. लिलावाला एकोणीस दिवस राहिले होते. चष्म्याचं दुकान सात महिन्यांपासून बंदच होतं. समोर काचेचं मोठं दुकान आलं होतं, तिथं डोळे फुकट तपासून मिळत होते. चष्मेवाले तरी रोज डबा घेऊन निघायचे, दुकानाचं शटर अर्धं वर करायचे आणि आत बसायचे. कर्ज त्यांनी दुकानासाठी घेतलं होतं, घर त्यांच्या एकट्याच्या नावावर होतं आणि यातलं अक्षरही घरात कुणाला माहीत नव्हतं. बँकेची पत्रं दुकानाच्या पत्त्यावर येत होती. दारावर नोटीस लागली त्या दिवशी नशिबानं ते घरी एकटे होते.

"तुम्ही म्हणाल त्या किमतीला देतो," चष्मेवाले म्हणाले. "फक्त घरात कळू देऊ नका."

मामा म्हणाला, घर विकल्यावर कळणारच की. सामान हलवावं लागेल.

"तोपर्यंत मी बघतो काहीतरी," असं म्हणून चष्मेवाल्यांनी नळ बंद केला, आणि मग आवाज चढवून, बायकोला ऐकू जाईल असं, "किती झाले?" म्हणून विचारलं. मामानं वॉशरचे पैसे घेतले.

बाबा हरखून गेले. म्हणाले, असा मालक लाखात एक मिळतो. त्यांनी बाजारभावाच्या निम्म्याहून थोडा वरचा आकडा घालून करारनामा तयार केला. बँकेचं कर्ज फिटून चष्मेवाल्यांच्या हातात दोन-तीन महिन्यांच्या भाड्यापुरतं उरलं असतं. बाबा वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायला हवं. त्यांनी तो माणूस बघितला नव्हता, एवढंच. त्यांच्यासमोर आकडे होते.

मामानं मात्र "मी बघतो काहीतरी" हे तीन शब्द ऐकले होते आणि ते त्याच्या डोक्यातून जात नव्हते. तो जेवायला बसायचा आणि पोळी तशीच ताटात. मामीनं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. मामी म्हणाली, "मग जाऊ नका तिथं. भावोजींना नाही म्हणून सांगा."

"मी नाही गेलो तर ते दुसऱ्याला पाठवतील," मामा म्हणाला. "तो नळ दुरुस्त करणार नाही, नुसती सही घेईल."

गुरुवारी बायको कामावर असताना सही घ्यायला जायचं ठरलं होतं. बुधवारी दुपारी मामाचा फोन वाजला. बाईचा आवाज. टाकीचा फ्लोट अडकलाय, पाणी वाहून जातंय, तासाभरात या. मामा टाकीचं सामान घेऊन गेला. चष्मेवाले घरी नव्हते, वडील माडीवर झोपले होते. बायको पांढरा कोट घालूनच उभी होती, दवाखान्यातून मधल्या सुट्टीत आलेली. मामा आत आला तशी तिनं दार लावलं आणि वरची कडीही घातली.

तिनं टेबलावर वर्तमानपत्राचं एक पान पसरलं. लिलावाच्या नोटिसांचं पान. एका नोटिशीभोवती पेन्सिलीनं गोल केलेला.

"तुम्ही नळवाले नाही," ती म्हणाली.

"आहे हो ताई. बत्तीस वर्षं."

"मग त्या दिवशी फाईल कशाला आणली होती?"

मामाला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण घाबरल्यावर येत नाही. त्यानं खरं ते सांगितलं. सांगताना त्याला वाटत होतं, आता ही ओरडेल, शेजारी गोळा होतील. ती ओरडली नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, मला दोन महिन्यांपासून माहीत आहे.

झालं होतं असं. एका सकाळी घरातल्या वर्तमानपत्राच्या मागच्या पानातून एक चौकोन कापलेला तिला दिसला. नवऱ्याला विचारलं तर म्हणाले, कूपन होतं. दवाखान्यात बाहेरच्या खोलीत तेच वर्तमानपत्र येतं. तिनं तिथं तेच पान उघडलं आणि कापलेल्या जागी आपल्या घराचा नंबर वाचला. समोर एक पेशंट गालाला रुमाल लावून बसला होता. ती त्याला म्हणाली, पाच मिनिटं थांबा, आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली. तेव्हापासून ती गप्प होती.

मामानं विचारलं, बोलत का नाही त्यांच्याशी?

"एकदा बोलायला गेले होते," ती म्हणाली. "जेवताना. नुसतं म्हटलं, मला तुम्हाला काही विचारायचंय. त्यांचा चेहरा असा झाला, असा झाला की मी म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे का? ते म्हणाले, नाही, बरोबर आहे. त्या भाजीत मी मीठ घालायलाच विसरले होते." थोडा वेळ ती पानावर बोट फिरवत राहिली. "माझ्यापासून लपवायचंय, एवढ्यासाठी तरी ते रोज उठतात, दाढी करतात, बाहेर पडतात. मला कळलंय हे त्यांना कळलं तर मग काय करतील, ह्याची मला भीती वाटते. तुम्ही सांगू नका. शपथ घ्या."

मामानं शपथ घेतली. मला सांगताना तो म्हणाला, "तिथं मी चुकलो. पण त्या वेळी तिनं मला विष पी म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं."

गुरुवारी तो करारनामा घेऊन गेला, कारण जायचं ठरलं होतं आणि न जाण्याचीही त्याला भीती वाटत होती. चष्मेवाले पेन हातात घेऊनच बसले होते. मामानं फाईल उघडली नाही. तो म्हणाला, ताई समोर बसल्याशिवाय मी सही घेणार नाही, आणि हा आकडाही बरोबर नाही. चष्मेवाल्यांनी आधी हात जोडले. मग अचानक उठून त्याची कॉलर धरली. तो मऊ बोलणारा माणूस दातओठ खात म्हणाला, "तुम्हीच घर घ्यायला माझ्या दारात आलात. आता साव होता? तिला काही सांगितलंत तर पुढं जे होईल ते तुमच्या माथी." माडीवरून म्हाताऱ्यानं ओरडून विचारलं, कोण आहे? चष्मेवाल्यांनी कॉलर सोडली, ती हातानं सारखी केली आणि वर बघून म्हणाले, "कुणी नाही अण्णा. नळवाला."

मामा तिथून निघाला तो बस डेपोच्या बाकावर तासभर बसून होता. दोघांचं गुपित त्याच्याजवळ होतं आणि दोघांनी त्याच्या तोंडाला कुलूप घातलं होतं.

पुढचे चार दिवस त्यानं काहीच केलं नाही. फोन वाजला की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा. बाबा चिडले होते. हातचा घास चाललाय, दुसरा कुणी पोचला तर काय, असं म्हणत सोमवारी ते स्वतःच उठले आणि चष्म्याच्या दुकानावर गेले. अर्ध्या शटरखालून वाकून त्यांनी सांगितलं की उद्या संध्याकाळपर्यंत सही केली तर ठीक, नाहीतर मी ह्यातून बाहेर, मग तुमचं तुम्ही आणि बँक बघून घ्या. बाबांना वाटत होतं आपण हळू बोलतोय. शेजारच्या चावीवाल्यानं कानस थांबवून सगळं ऐकलं.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता चष्मेवाल्यांच्या बायकोचा फोन आला. ती दवाखान्यातून घाईघाईनं बोलत होती. चष्मेवाले नेहमीपेक्षा लवकर, आठलाच घरातून निघाले होते. डबा ओट्यावरच राहिला होता, ते तिनं निघताना बघितलं आणि विसरले असतील असं तिला वाटलं. पण आत्ता शेजारणीनं फोन करून सांगितलं की म्हातारे नवा चष्मा घालून गच्चीत बसलेत आणि सगळ्यांना सांगतायत, पोरानं स्वतः बनवलेला, सकाळी निघताना दिला, आणि हातातलं घड्याळही मलाच देऊन गेला.

"तुम्ही लगेच दुकानावर जा," ती म्हणाली. "मी निघतेच आहे, पण मला अर्धा तास लागेल."

मामा दुकानापासून दोन रस्ते दूर होता. त्या गुडघ्यांनी तो पळाला. पळताना त्याच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती त्यानं माझ्यापासूनही लपवली नाही: आपण पोचू तेव्हा कुणीतरी आधीच पोचलेलं असू दे.

कुणी नव्हतं. शटर पूर्ण खाली होतं आणि कुलूप नुसतंच कोयंड्यात लटकत होतं, उघडं. चावीवाला म्हणाला, आठ-सव्वाआठला आत गेले, बाहेर आलेले नाहीत, मला वाटलं साफसफाई करत असतील. मामानं शटर वाजवलं. हाक मारली. आतून काही नाही. त्यानं चावीवाल्याला म्हटलं, तुम्ही या ना माझ्याबरोबर. चावीवाल्यानं शटरकडे बघितलं, मामाकडे बघितलं आणि दुकान सोडून येता येत नाही म्हणाला. त्यालाही कळलं होतं.

मामानं दोन्ही हातांनी शटर फूट-दीड फूट उचललं आणि रांगत आत गेला. आत अंधार. दोन्ही भिंतींवर चष्म्यांच्या रांगा, खालून आलेल्या उजेडात त्यांच्या काचा चमकत होत्या. काउंटरवर पाकिटं रचून ठेवलेली, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव आणि फोन नंबर, ज्यांनी चष्मे करायला टाकले होते आणि कधी न्यायला आले नव्हते त्यांची. एक-दोन नाही, चाळीस-पन्नास. सगळी एकाच अक्षरात, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी. मागे डोळे तपासायची छोटी खोली. तिचं दार लोटलेलं आणि फटीतून पिवळा उजेड येत होता.

"त्या दारापर्यंत पाच पावलं होती," मामा मला म्हणाला. "पाच पावलांत माझं सगळं आयुष्य संपलं, पुन्हा सुरू झालं, असं काही मी सांगणार नाही. मला फक्त लघवीला लागली होती."

त्यानं दार ढकललं.

चष्मेवाले तपासणीच्या उंच खुर्चीत बसले होते. जिवंत. समोर अक्षरांचा तक्ता उजळलेला. त्यांनी मान वळवून मामाकडे बघितलं, जरा उशिरानं, लांबून बघावं तसं. त्या खोलीत आणखी काय होतं, ते मामानं मला सांगितलेलं नाही. मामीलाही नाही. मी एकदा विचारलं तर तो उठून बाहेर गेला.

पण तिथं काय झालं ते सांगितलं. तो चौकटीला धरून घसरत घसरत खाली जमिनीवर बसला. घाम फुटला होता, छातीत भाता चालल्यासारखं होत होतं. बाबांनी शिकवलेलं, स्वतः ठरवून आणलेलं, एकही वाक्य तोंडातून फुटेना. कसंबसं म्हणाला, "पाणी."

चष्मेवाले त्याच्याकडे बघत राहिले. मामा खोटं करत नव्हता, ते कुणालाही दिसलं असतं. थोड्या वेळानं ते खुर्चीतून उतरले. कोपऱ्यातून बाटली आणली, मामाच्या शेजारी उकिडवे बसले आणि ती त्याच्या तोंडाला लावली. मामाचे दात बाटलीवर वाजत होते.

"तुम्ही कशाला एवढे घाबरलात?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"मला सगळ्याचीच भीती वाटते हो," मामा म्हणाला. "लहानपणापासून." आणि मग, अजून श्वास बसला नव्हता तरी, त्यानं शपथ मोडली. "ताईंना माहीत आहे. दोन महिन्यांपासून. तुमच्या काळजीनं गप्प आहेत त्या."

"दोन महिने?" चष्मेवाले म्हणाले.

"त्या बिनमिठाच्या भाजीच्या आधीपासून."

चष्मेवाल्यांनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "पण ती रोज डबा भरून देत होती," ते म्हणाले. "रोज विचारत होती, गिऱ्हाईक कसं आहे?"

"हो."

ते तिथंच जमिनीवर बसले. दोघे भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसले होते तेव्हा शटर पुन्हा वाजलं आणि ती पांढऱ्या कोटात रांगत आत आली. कोटाच्या गुडघ्यांना धूळ लागली होती. तिनं आधी खोलीभर नजर फिरवली. जे बघायचं ते बघितलं. नवऱ्याच्या मनगटाला तिनं असं धरलं, जसं रस्ता ओलांडताना लहान मुलाला धरतात, आणि पुढं कित्येक दिवस ती ते मनगट सोडायला तयार नव्हती, असं मामी सांगते. डॉक्टरांकडे गेली तेव्हा धरलेलं, बँकेत गेली तेव्हाही धरलेलं.

बँकेत मामाही होता, दाराजवळच्या खुर्चीत. बोलली ती बाई. दवाखान्यात दुखऱ्या माणसांशी रोज बोलणारा तिचा आवाज होता, न चढणारा. घर आम्ही स्वतः विकतो, लिलाव पुढं ढकला, लेखी देते. अधिकारी तरुण होता. तो आत जाऊन कुणाशी तरी बोलून आला आणि सहा आठवडे मिळाले. पाचव्या आठवड्यात एका साध्या दलालामार्फत घर गेलं, बाजारभावाला, थोडं कमी म्हणा. घेणारी एक नर्स आणि तिचा नवरा. बँकेचं सगळं फिटून दोन खोल्यांच्या भाड्याच्या घराची तीन-चार वर्षांची सोय झाली. म्हाताऱ्यांना कसं सांगायचं ह्याची तिघांनाही धास्ती होती. सांगितलं तर ते म्हणाले, बरं झालं, मला तो जिना दहा वर्षांपासून चढवत नव्हता, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

चष्मेवाले आता समोरच्या त्या काचेच्या दुकानात नोकरीला आहेत. मालक वयानं त्यांचा मुलगा शोभेल असा आहे. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. गोळ्या चालू आहेत. ती चाळीस-पन्नास पाकिटं त्यांनी एकेक फोन करून पोचवली. आठ जणांचा पत्ताच लागला नाही.

बाबा आणि मामा चौदा महिने बोलले नाहीत. आईनं एकदा दोघांना जेवायला बोलावलं आणि एकाला बारा वाजता, दुसऱ्याला दोन वाजता वाढलं. बाबांचं म्हणणं, मी कायद्याबाहेर काही केलं नव्हतं. ते खरंच होतं. पण सोमवारी आपण त्या शटरखालून काय बोललो ते त्यांनी आईला स्वतःहून सांगितलं, शब्दन् शब्द, आणि पुढं लिलावाच्या नोटिसा वाचणं बंद केलं. मग त्यांच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा मामा हॉस्पिटलात गेला, लिफ्ट सोडून पाच मजले चढून. धापा टाकत पलंगाशी बसला. बाबा म्हणाले, आधी स्वतःलाच दाखव कुणाला तरी. तिथून पुन्हा बोलणं सुरू झालं.

मामानं मात्र ते काम सोडलं नाही. मला ह्याचं फार नवल वाटलं. तो आता एकटाच जातो, पैसे फारसे नाहीत, सहा वर्षांत एकच घर घेतलं. बहुतेक ठिकाणी तो घर घेतच नाही, मुदत कशी मागायची आणि दलाल कुठं मिळेल एवढंच सांगून येतो. दार उघडलं की आधी सरळ सांगतो, तुमचं घर लिलावात आहे, मी विकत घेणारा आहे, पण घरातले सगळे बसल्याशिवाय बोलणार नाही. कितीतरी दारं ह्या वाक्यालाच त्याच्या तोंडावर आपटतात. शिव्याही बसतात, आणि त्यातल्या काही बरोबर असतात, असं तो म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात मी त्याच्याबरोबर गेले होते. एका वसाहतीत, तळमजल्यावरचं घर, बाहेर मुलांच्या चपला. फाटकाशी येऊन तो कठड्याला धरून उभा राहिला. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, मामा, चल परत, तुला बरं वाटत नाहीये.

"दर वेळी असंच होतं," तो म्हणाला. "जरा थांब. पाय येऊ देत."

आम्ही तिथं पाच-सात मिनिटं उभे होतो. आतून रेडिओचा आवाज येत होता आणि कुणीतरी भांडी घासत होतं. मग त्यानं रुमालानं हात पुसले, मला म्हणाला, तू माझ्या मागे उभी राहा, पुढं नको, आणि फाटक उघडून आत गेला.